परसोच्या आईचं माहेर

आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा तिरंगा परसोच्या दुकानावर लागतो. पंधरा ऑगस्टला चढतो तो सव्वीस जानेवारी झाल्याशिवाय उतरत नाही, आणि मध्येच क्रिकेटची मॅच आली तर त्याच्या शेजारी दुसरा चढतो. गंमत एवढीच, की परवापरवापर्यंत परसोच्या कपाटातला पासपोर्ट हिरवा होता. पाकिस्तानचा.

परसराम मोतीराम गंगवाणी. नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात लेस, बटणं, चेन आणि साडीचे फॉल विकतो. केसांना मेंदी लावतो आणि कुणी विचारलं तर उन्हानं लाल झाले म्हणतो. लेस मापताना मीटरच्या पुढे बोटभर जास्त सोडतो आणि सोडताना गिऱ्हाइकाकडे बघतो, म्हणजे त्या बाईला ते दिसलं पाहिजे. २०१८ साली तो सिंधमधल्या शिकारपूरकडच्या एका गावातून आई, बायको आणि दोन मुली घेऊन आला आणि आमच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायला लागला. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या दाराकडे उघडते. त्यामुळे पुढचं सगळं मला माहीत आहे. जे दिसलं नाही ते विचारून घेतलं.

परसोचा मुक्काम लाँग टर्म व्हिसावर होता. हा व्हिसा म्हणजे राहा, धंदा करा, पोरी शिकवा, पण नागपूर जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी परवानगी काढा. आमच्या पुतण्याची वरात वर्ध्याला गेली तेव्हा परसो ट्रॅव्हल्समध्ये नाचत नाचत चढला आणि जिल्ह्याच्या हद्दीजवळ बुटीबोरी आल्यावर उतरला. रस्त्याच्या कडेला नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, गळाभेट घेतली आणि दुसऱ्या गाडीनं परत. मी खिडकीतून ओरडले, "काहून गा परसो, वर्ध्यात तुझी सासू राहते का?"

"भाभी, तुम्ही हसा," तो म्हणाला. "परवानगी निघेपर्यंत यांना पोरगं होऊन जाईल."

परसोच्या आईचं नाव जमनाबाई. बारीक चणीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी. ती आली त्या आठवड्यात गल्लीत भाजीची गाडी आली. सगळ्यांना वाटलं, ही आता हातवारे करून मेथी मागणार. तिनं जुडी उचलली, नाकाशी नेली आणि भाजीवालीला म्हणाली, "काहून वं, हे शिळं कायले खपवून राहिली? सकाळची हाय म्हनून सांगतं वरून!"

भाजीवालीनं मुकाट्यानं दुसरी जुडी दिली. वर गॅलरीत आमच्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या ताट घेऊनच उठल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पद्मे?"

म्हातारीनं वर बघितलं. "कौसे! मेली नाहीस का वं अजून?"

तांदूळ भाजीवालीच्या डोक्यावर पडले. आमच्या घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, समोर राहायला आलेली पाकिस्तानी बाई मूळची याच जरीपटक्याची आहे. दुसरी, आमच्या सासूबाईंचं नाव सुमती नाही.

म्हणजे सुमतीच आहे. आधार कार्ड, बँक, रेशन सगळीकडे सुमती वामनराव भोयर. पण माहेरी त्या कौसल्या नारायण गावंडे. लग्न होऊन आल्या तर सासरी थोरली जाऊ आधीच कौसल्या. एका घरात दोन कौसल्या असल्या तर हाक मारल्यावर एकही येणार नाही, असं सासऱ्यांचं मत पडलं आणि धाकटीची सुमती झाली. ती मोठी जाऊ जाऊन वीस वर्षं झाली, पण नाव काही परत मिळालं नाही.

जमनाबाईंचंही तसंच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबात, इथल्या बराकीत जन्म. बापाचं नाव टेकचंद, पोरीचं पद्मा. घराजवळ मराठी शाळा होती म्हणून तिथेच घातली आणि कौसल्येच्या शेजारी बसवली. कौसल्येचा बाप तेव्हा गिरणीत होता. १९७८ साली येणं-जाणं जरा मोकळं झालं, तेव्हा तिकडे राहिलेल्या नात्यातलं स्थळ आलं आणि पद्मा शिकारपूरला गेली. तिथल्या पंडितानं नवऱ्याची पत्रिका बघून अक्षर काढलं आणि मंडपातच तिची जमना केली. तिच्या सासरी मराठी कळणारं कुणी नव्हतं. चाळीस वर्षं ती म्हशीशी मराठी बोलली. सासूला शिव्याही मराठीत द्यायची आणि सासूला वाटायचं, सून पाठ म्हणतेय.

दोन्हीकडच्या बायकांची नावं अशी मंडपात बदलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते कचेरीत.

परसोचं प्रकरण गोपाळराव वकिलांकडे होतं. ते एकदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. परसो २०१४ नंतर आलेला, म्हणून नव्या कायद्याचा सोपा रस्ता त्याला बंद. पण ज्याचे आई किंवा वडील कधीकाळी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्याला त्या नात्यानं नागरिकत्व मागता येतं. परसोची आई इथे जन्मली, इथे शिकली. शाळेच्या रजिस्टरमध्ये पद्मा टेकचंद म्हणून नाव आहे.

"मग झालं की," मी म्हटलं.

"झालं कुठलं? परसोच्या कागदांवर आईचं नाव जमना मोतीराम. ही पद्मा कोण, ते कचेरी विचारते."

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत धम्मानंद नावाचे बाबू होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. फाईल उघडायची, पेन्सिलीनं बारीक गोल करायचा आणि फाईल परत द्यायची. परसो त्यांना सांगून दमला.

"सर, दोघी एकच आहे."

"कागदावर दोन बाया आहेत."

"सर, लग्न झालं ना मग."

"लग्नानं आडनाव बदलतं, भाऊ."

"आमच्यात नावपण बदलतं, सर."

"आमच्यातही बदलते," धम्मानंदबाबू म्हणाले. "म्हणूनच सांगून राहिलो. लग्नाआधीपासून ओळखणारा इथला माणूस आणा, त्याचं प्रतिज्ञापत्र लावा."

परसोचे मामा वारलेले. मामेभाऊ नंतर जन्मलेले. परसोनं तीन वर्षं कधी हा कागद लावला, कधी तो, आणि दरवेळी पेन्सिलीचा गोल घेऊन परत आला. घाई अशी त्याला नव्हती. व्हिसा दर काही काळानं वाढून मिळत होता, लेस खपत होती.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल आला. काश्मिरात पर्यटकांना गोळ्या घातल्या गेल्या आणि सरकारनं पाकिस्तानी पासपोर्टवाल्यांना परत जायला सांगितलं. लाँग टर्म व्हिसावाल्या हिंदूंना सूट होती. परसोचा व्हिसा मात्र तेव्हा नूतनीकरणाला गेलेला. हातात फक्त अर्ज केल्याची पावती. ती त्यानं लॅमिनेट करून गल्ल्यावर लावली होती, लिंबू-मिरचीच्या खाली. पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी पावती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "चालेल तूर्तास."

परसो घरी आला तो हा एक शब्द घेऊन. "भाभी, तूर्तास म्हणजे किती?"

मी त्याला खुर्ची दिली आणि चहा टाकला.

गल्ली तशी वाईट नाही. पण टीव्ही लागला की माणसं जराशी दुसरी होतात. सात वर्षं फॉल नेणाऱ्या एका बाईनं त्याला विचारलं, "तुम्ही तिकडचेच ना हो?" आणि विचारून झाल्यावर भाव करायला लागली. मंडळाचा अध्यक्ष गोविंदा येऊन सांगून गेला, "परसोभाऊ, एक बोर्ड लावून टाका दुकानावर. भारत माता की जय. सेफ राहते." परसोनं बोर्ड लावला. झेंडा होताच. त्याच्या बायकोनं मात्र मोठी बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली. मी ती दारातून बघितली आणि न चिडवताच परत आले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच विषय काढला. "पद्मीले ओळखनारं मानूस पाहिजे ना? मग मी काय मेली हाव?"

हे आम्हाला आधी कुणालाच कसं सुचलं नाही, तर परसो माणूस पुरुष धरून चालला होता. वकीलसुद्धा.

गोपाळरावांनी सुमती वामनराव भोयर या नावानं प्रतिज्ञापत्र तयार केलं. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अत्तर लावून सिव्हिल लाइन्सला गेल्या. झाडाखाली नोटरीचं टेबल होतं. खाली वाकून, जीभ दातात धरून त्यांनी हळूहळू सही केली. नोटरीनं शिक्का मारला, परसोनं पेढे वाटले, कागद फाईलला लागला.

आठवड्यानं परसो तोंड पाडून परत आला. फाईल उघडून धम्मानंदबाबू म्हणाले होते, "आता बाया चार झाल्या."

सासूबाईंनी सही केली होती, कौसल्या नारायण गावंडे. सातवीतल्या अक्षरात, वेलांट्या गोल काढून.

"अहो आई, असं कसं केलं?" मी विचारलं.

"मग काय करू? पद्मीच्या कामाले गेली होती. शाळेतली साक्ष द्याची. शाळेत सुमती कोन होती? कोनीच नव्हती."

बोलणं तसं बरोबरच होतं. शाळेच्या रजिस्टरमध्येही पद्माच्या खाली कौसल्याच होती. म्हणजे सही सुमती अशी असती तरी बाबू विचारणारच होते, की ही सुमती त्या शाळेत कधी होती. आता सुमती तीच कौसल्या, हे सांगणारं माणूस हवं. त्या वयाची, तेव्हाची, जिवंत अशी एकच बाई होती, जमनाबाई. आणि तिची साक्ष चालत नव्हती, कारण ती पाकिस्तानी.

गोपाळरावांनी डोकं खाजवलं. "माहेरचं रक्ताचं कुणी?"

सासूबाईंना एक भाऊ आहे. मधुकरराव. कळमेश्वरला राहतात, संत्र्याची बाग आहे. दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली.

त्याचं कारण आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाप गेला की भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो, पाटावर बसवतो, साडी देतो आणि मग बापाच्या वावरातला तुझा हिस्सा मला सोडला, अशा कागदावर सही मागतो. हक्कसोड म्हणतात त्याला. बहिणी करतात, नाही केली तर माहेर तुटतं. सासूबाई तेव्हा गेल्या, पुरणपोळी खाल्ली, साडी घेतली आणि चष्मा घरी राहिला म्हणून सही न करता उठून आल्या. चष्मा पिशवीत होता. मीच ठेवला होता.

जमनाबाई त्या दिवशी रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या आणि जिन्यातच बसल्या. "कौसे, तू नको जाऊ त्याच्याकडे. तो आधी सही मांगन. माह्या पोरापाई बापाचं वावर नको सोडू."

"गप वं."

"तिकडे पाठवलं तर पाठवू दे. घर हाय तिकडे."

"हाय ना? मग आलीस कायले?"

सासूबाई उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, सासूबाई आणि परसो कळमेश्वरला गेलो. मधुकरराव ओसरीत बसले होते. पांढरी मिशी, पांढरा सदरा, बोलणं साखरेचं. त्यांनी बहिणीला पाणी दिलं, माझी विचारपूस केली, परसोला आपादमस्तक बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"सांगतो ना," ते म्हणाले. "तू माही बहीण कौसल्या, हे मी नाही सांगनार तं कोन सांगन? पन आधी ते राहिलेलं काम करून टाकू. आज चष्मा आनला ना बाई?"

"आनला."

"मग हक्कसोड कर. तुह्या कागदावर मी मग सही मारतो."

परसोनं हात जोडले. "मौसी, राहू द्या. चला घरी."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "मधू, वावराच्या कागदावर बहीन म्हनून कोनाचं नाव हाय?"

"कौसल्याचं. बाबांनीच लावलं होतं."

"मग सही कोन करन?"

"तू."

"माह्या आधार कार्डावर सुमती हाय. रजिस्ट्रार म्हनन, ही सुमती कोन? कोन्या बाईले पकडून आनलं? उद्या तुह्या पोरानं बाग विकायले काढली तं घेनारा तेच म्हनन."

मधुकररावांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस व्यवहारी. बहिणीनं सोडलेला हिस्सा उद्या कुणी बोगस म्हणू नये, हे त्यांना लगेच पटलं. आतून त्यांचा मुलगा साहिल आला. त्यालाही पटलं, त्यानं तर गाडीच काढली.

दुपारपर्यंत तहसील कचेरीजवळच्या नोटरीसमोर मधुकररावांनी प्रतिज्ञापत्र केलं. इतकं खणखणीत प्रतिज्ञापत्र गोपाळरावांनाही जमलं नसतं. सुमती वामनराव भोयर हीच माझी सख्खी थोरली बहीण कौसल्या, वडील नागपुरात गिरणीत असताना ती अमुक शाळेत सातवीपर्यंत शिकली, लग्नानंतर सासरी नाव बदलले, ती कै. नारायणराव गावंडे यांची कन्या व वारस आहे. गावातले दोन पंच बोलावून त्यांच्याही सह्या घेतल्या. परसोनं तीन प्रती काढल्या, एक सासूबाईंनी मागून घेतली आणि घडी करून पिशवीत टाकली.

"चल आता रजिस्ट्रारकडे," मधुकरराव म्हणाले.

"आज?" सासूबाई म्हणाल्या. "आज अमावस्या हाय, मधू."

मधुकरराव अमावस्येला ट्रॅक्टरसुद्धा बाहेर काढत नाहीत, हे तालुक्याला माहीत आहे. ते गोंधळले. "आता सही मारली ना आपन?"

"ते नुसतं शपथेवर बोलनं होतं. वावर म्हंजे लक्ष्मी. अमावस्येले लक्ष्मी कोनी हलवते का गा? बाबा काय म्हनायचे?"

मधुकररावांनी आम्हाला बागेतली उरलीसुरली थैलीभर संत्री दिली आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

परतीच्या बसमध्ये परसोनं विचारलं, "मौसी, पुढच्या हप्त्यात जाणार?"

"माह्या चष्म्याचा नंबर बदलला," सासूबाई म्हणाल्या आणि संत्रं सोलायला लागल्या.

धम्मानंदबाबूंनी नवा कागद वाचला, मग पुन्हा वाचला. पेन्सिल उचलली आणि खिशाला लावून टाकली. फाईल पुढे गेली. पोलीस चौकशीला आले, गल्लीत दहा घरी विचारून गेले. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ बसले, कारण माहिती माझ्याकडेच होती. मधल्या काळात व्हिसा वाढून आला, त्यामुळे तूर्तासचा प्रश्न मिटला, पण ती बॅग पलंगाखाली परत गेली नाही. दिवाळीनंतर परसोला शपथेला बोलावलं. प्रमाणपत्र हातात आलं. त्यावर आईचं नाव पद्मा ऊर्फ जमना असं होतं. गोविंदानं अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात गोविंदाचा फोटो मोठा आणि परसोचा कोपऱ्यात, मोबाईल नंबरएवढा.

जमनाबाईंची फाईल मात्र अजून आत आहे. तिचा अर्ज वेगळा, तिची चौकशी वेगळी. ज्या बाईच्या इथल्या असण्यावर पोरगा इथला झाला, ती बाई आजही कागदावर तिकडची आहे. गोपाळराव म्हणतात, होईल. कधी, ते विचारलं की त्यांना दुसरा फोन येतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी परसो म्हणाला, "भाभी, वर्ध्याला जायचं."

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही."

आणि त्यानं गाडी ठरवली. तो, मी, सासूबाई आणि जमनाबाई. बुटीबोरीला गाडी थांबली. जमनाबाईंना पुढे जाता येत नव्हतं. परवानगी निघायला किती दिवस लागतात ते परसोला माहीत होतं, त्यानं ती मागितलीच नव्हती. त्या खाली उतरल्या. त्यांना सोबत म्हणून सासूबाई उतरल्या. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर दोघी बसल्या आणि चिवड्याची पुडी सोडली. काय होतं ते बघावं म्हणून मीही उतरले. परसो एकटा गाडीत बसून पुढे गेला.

दोघी शाळेतल्या कुठल्या तरी बाईंबद्दल बोलत होत्या. त्या बाईंना मिशी होती की नव्हती, यावर त्यांचं जमेना. मध्येच सासूबाईंचा फोन वाजला. मधुकरराव. दर रविवारी वाजतो. सासूबाईंनी तो जमनाबाईंच्या हातात दिला.

"कोन पाहिजे गा?" जमनाबाई म्हणाल्या. "कौसल्या? इथं कोनी कौसल्या नाही. सुमतीबाई हाय, त्याइले वावरातलं काही समजत नाही." आणि फोन बंद केला.

बऱ्याच वेळानं गाडी परत आली. परसो उतरला, आईशेजारी बसला आणि तिच्या पुडीतला चिवडा घेतला.

"काय पाहिलं वर्ध्यात?" मी विचारलं.

"काही नाही भाभी. बस स्टँडपाशी चहा घेतला. लेसचं एक दुकान आहे तिथं." त्यानं तोंड पुसलं. "लई महाग देतो. आणि मापात बोटभर कमी."